दहाच्या ठोक्याला बंद: भाऊबीजेनंतरचा बँडचा कार्यक्रम कसा उभा करायचा

कोल्हापुरातल्या बँडमधली निम्मी पोरं आता बाहेर आहेत. ड्रमर हिंजवडीत, लीड गिटारवाला बेंगळुरूत, गाणारी मुलगी मुंबईत. ही सगळी एकाच वेळी घरी सापडतात ती फक्त दिवाळीत. लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज घरच्यांची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ आपली. त्या दिवशी आम्ही पाच बँड आणि जमतील तेवढे मित्र एका स्टेजवर आणतो.

माझं उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि बावीस वर्षं मी बेस गिटार वाजवतोय. सुट्टीच्या दिवशी वर्कबेंच भिंतीकडे सरकवून आमची तालीम दुकानातच चालते. दरवर्षी इचलकरंजीकडून, गडहिंग्लजकडून कुणीतरी पोरगं येतं आणि विचारतं, "दादा, आमच्याकडं बी असं करायचंय, काय काय लागतंय?" उभ्या उभ्या सांगून हे संपत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

सुरुवात शेवटापासून करायची. कोणता बँड, कोणतं मैदान, किती वर्गणी, हे सगळं नंतर. आधी कागदावर रात्रीचे १० लिहा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला काही दिवस १२ पर्यंत सवलत मिळते, पण ते दिवस वर्षाला जास्तीत जास्त १५ असतात आणि ते सरकार ठरवतं. आपला दिवस त्यात बसेल असं धरून चालू नका. शिवाय मला दहाची वेळ मनापासून आवडते. लहान पोरं, आज्जी-आजोबा, शेजारच्या काकू सगळे शेवटपर्यंत बसतात, आणि पुढच्या वर्षी परवानगी मागायला जाताना मान खाली घालावी लागत नाही.

आता तिथून मागे या. ९:५५ ला शेवटचं गाणं संपलं पाहिजे. शेवटी सगळे मिळून वाजवायचं आहे, त्याला १५ मिनिटं, आणि सगळ्यांना स्टेजवर उभं करायला १०. म्हणजे पाचवा बँड ९:३० ला उतरला. प्रत्येक बँडला २५ मिनिटं, पाच बँडची १२५. मधे चार वेळा अदलाबदल, प्रत्येकी १२ मिनिटं, ती ४८. बेरीज १७३ मिनिटं. पहिल्या बँडचा पहिला ठोका ६:३५ च्या आसपास पडायला हवा. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे अंधार पडता पडता आकाशकंदील लागतात आणि कार्यक्रम सुरू होतो. वेळ इतकी छान जुळते की मला ती बदलावीशी वाटलेली नाही.

२५ मिनिटांत पाच गाणी बसतात असं प्रत्येक बँडला वाटतं. बसत नाहीत. गिटार सुरात लावायची असते, गाणारा दोन शब्द बोलतो, कुणाची तरी तार तुटते. बँडला सांगा, पाच गाणी बसवून या, चारच वाजवा, पाचवं खिशात ठेवा. आणि वेळ बघायला असा माणूस बसवा जो कोणत्याच बँडमध्ये नाही आणि ज्याला सगळे मानतात. आमच्याकडे हे काम माझी थोरली बहीण करते. ती स्टेजच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली की पोरं आपसूक आवरतं घेतात. "ताई, आणि एकच" असं म्हणायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

जागा आणि कागदपत्रं

दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसं बंद असतात, हे विसरून पहिल्या वर्षी आम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अर्ज घेऊन गेलो होतो. त्या वर्षी कार्यक्रम एका मित्राच्या गच्चीवर, साउंडशिवाय झाला. आता दसरा झाला की लगेच अर्ज. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून, जागेची परवानगी जागेच्या मालकाकडून किंवा महापालिकेकडून, मांडव असेल तर अग्निशमन विभागाचा दाखला, आणि महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. सगळ्या प्रती एका फायलीत घालून ती कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागे ठेवा.

बँड दुसऱ्यांची गाणी वाजवणार असतील तर गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा विषय येतो, आणि तो परवाना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी देते. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर वाजवलं तर कायद्यात सवलत आहे. तिकीट लावलंत किंवा प्रायोजक घेतलात तर आधी नीट चौकशी करा. आम्ही तिकीट लावत नाही, वर्गणी काढतो.

जागा निवडताना आधी आजूबाजूला काय आहे ते बघा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, तिथे करूच नका. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ६५. ड्रमसेट नुसता वाजवला तरी त्याच्यासमोर १०० च्या आसपास आवाज असतो, म्हणजे अंतर आणि दिशा यांवरच सगळं अवलंबून आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून स्पीकरचं तोंड घरांकडे नको, मोकळ्या शेताकडे किंवा कारखान्याच्या पाठभिंतीकडे करा. साउंड लागला की फोनवर मीटर उघडून सगळ्यात जवळच्या घराच्या दारापर्यंत चालत जा. फोनचा मीटर अचूक नसतो, पण अंदाज येतो. आणि त्या घरांत आठवडाभर आधी जाऊन यायचं. फोन करून किंवा चिठ्ठी टाकून भागत नाही, स्वतः जायचं. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाचं बाळ लहान आहे, हे बसून बोलल्यावरच कळतं. एका वर्षी एका आजोबांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. आम्ही स्टेज उलट्या तोंडाने लावलं, आणि संध्याकाळी तेच आजोबा खिडकीत खुर्ची टाकून बसले होते.

उघड्यावर नकोच असेल तर शाहू स्मारकसारखं सभागृह बघा. बंदिस्त जागेत आवाज आतच राहतो आणि पावसाची काळजी मिटते. पण अशा ठिकाणी दिवाळीत दुसरे कार्यक्रम आधीपासून लागलेले असतात, गणपतीतच विचारून ठेवा. मैदान घेतलंत तर परतीच्या पावसाचं भान ठेवा. दिवाळी लवकर आली की आपल्याकडे दुपारी चारला आभाळ भरतं आणि पाचला ढग गडगडायला लागतात. स्टेजवरची ताडपत्री उतरतीच बांधा, सपाट बांधली तर पाणी साठून तिचं पोट सुटतं आणि एकदमच खाली येतं. साउंडच्या मिक्सरवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद हाताशी हवाच.

लाईट

याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझा धंदाच तो आहे आणि माणूस दगावतो तो इथेच.

पहिलं अर्थिंग. गिटारच्या तारा ॲम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, अर्थशी जोडलेल्या असतात. माईकची जाळी मिक्सरच्या अर्थशी. दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी नीट पोचत असतील तर काही होत नाही. ॲम्पचा अर्थ कुठेतरी तुटला असेल, तर गिटार हातात घेऊन गाणाऱ्याचे ओठ माईकला लागतात आणि करंट त्याच्या अंगातून मिक्सरकडे जातो. आमच्या एका गाणाऱ्या पोराला असा झटका बसला होता. तो मागे फेकला गेला, दात ओठात रुतला, दोन टाके पडले. पुढचे कितीतरी महिने तो माईकपासून वीतभर लांब राहूनच गायचा. तेव्हापासून मी कुणालाही पहिली तार छेडू देण्याआधी मल्टिमीटर घेऊन फिरतो. एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला, मीटर एसी व्होल्टवर. काटा जवळपास शून्यावर पाहिजे. पाच-दहा व्होल्ट जरी दिसले तरी तो ॲम्प बंद, कारण सापडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

ॲम्पमधून 'घूं' असा आवाज येतो म्हणून काही पोरं प्लगची जाड अर्थ पिन मोडून टाकतात. घूं थांबतं हे खरं, पण माणसाला वाचवणारी वायरही त्याच पिनबरोबर गेलेली असते. असला प्लग दिसला की मी तो कापून नवीन बसवतो, मगच ॲम्प स्टेजवर चढतो. घूं घालवायचं तर ॲम्प, कीबोर्ड, मिक्सर सगळं एकाच बोर्डवरून, एकाच फेजवर घ्या आणि डीआय बॉक्सवरचं, म्हणजे वाद्याची वायर मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीवरचं, ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा. ते फक्त ऑडिओच्या वायरीतला अर्थ सोडवतं, प्लगचा अर्थ जागेवर राहतो. स्टेजवरची रोषणाई वेगळ्या फेजवर. आणि स्टेजच्या बोर्डला ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. ट्रिप झाली तर शिव्या न देता का झाली ते शोधा.

दुसरं न्यूट्रल. तीन फेजच्या लाईनमध्ये न्यूट्रल ढिला झाला किंवा सुटला, तर ज्या फेजवर लोड कमी, तिथे २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट चढू शकतात. एका वर्षी मांडववाल्याच्या माणसाने न्यूट्रल नुसता पिळून टेप मारला होता. कार्यक्रमाच्या आधी तासभर तो सुटला, दोन कीबोर्डचे ॲडॉप्टर आणि एक ॲम्प गेला. तो ॲम्प एका कॉलेजच्या पोराने दीड वर्ष पैसे साठवून घेतलेला होता. दुकानात बसून मी तो दुरुस्त करून दिला, पण त्या संध्याकाळी त्याचा चेहरा बघवत नव्हता. न्यूट्रलला लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण, आणि नटबोल्टच पाहिजे. स्वतः ओढून बघा. परवानाधारक वायरमन समोर असल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका.

जनरेटर किती मोठा? आमचा साउंड साधारण ८ किलोवॅट, एलईडीची रोषणाई २, स्टेजवरचे ॲम्प वगैरे २. एकूण १२. आम्ही २५ केव्हीएचा जनरेटर घेतो. नेमका पुरेल एवढा घेतला तर ड्रमच्या प्रत्येक मोठ्या ठोक्याला लाईट डुलते आणि साउंड ओरबाडतो. जनरेटर स्टेजच्या मागे लांब, धूर लोकांकडे येणार नाही अशा बाजूला, आणि डिझेल दुपारीच भरलेलं. चालू जनरेटरमध्ये डिझेल ओतायचं नाही.

दोन्ही बाजूंना आग विझवण्याचे सिलिंडर ठेवा आणि ते चालवता येणारा माणूसही जवळ ठेवा. राजर्षी शाहूंनी १९१५ मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत गेलं. त्या रात्री बघायला गेलेल्यांत मी होतो. रडणारी माणसं पाहिली. तेव्हापासून मांडवाचं कापड दिव्यापासून किती लांब आहे, हे मी हाताने मोजतो. आकाशकंदील स्टेजवर लावायला आम्हालाही आवडतात, पण आत छोटा एलईडी बल्बच. फटाका मांडवाच्या आसपास अजिबात नाही.

एकच ड्रमसेट

अदलाबदल १२ मिनिटांत व्हायची तर सगळ्यांना एकच ड्रमसेट, एकच बेस ॲम्प आणि दोन गिटार ॲम्प वापरावे लागतात. ड्रमरने स्वतःचं स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम), झांजा आणि किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल आणायचं, गिटारवाल्याने स्वतःचे पेडल. बाकी काही नाही. सुरुवातीला यावर रुसवेफुगवे होतात. "माझा टोन येत नाही दादा." येतो. दिवाळीआधी एका सुट्टीच्या दिवशी सगळ्या गिटारवाल्यांना दुकानात बोलावून त्याच ॲम्पवर वाजवायला लावा, अर्ध्या तासात प्रश्न मिटतो. आणि एकमेकांची ओळख होते, ती स्टेजवर फार कामाला येते. डावखुरा ड्रमर असेल तर त्याचा बँड पहिला किंवा शेवटचा ठेवा, सेट उलटा लावायला वेळ जातो.

प्रत्येक बँडकडून एका कागदावर चित्र मागा: कोण कुठे उभं राहणार, कोण गाणार, कशाला माईक, कशाला डीआय. आमचे सोळा चॅनल असे भरतात. ड्रमला चार: किक, स्नेअर आणि वर दोन. गाण्याचे चार. बेस एक, गिटार दोन, कीबोर्ड दोन. अदलाबदलीच्या वेळी कोपऱ्यात गाणाऱ्या मित्रांसाठी दोन, आणि एक शेवटी वाजणाऱ्या हलगीला. हे सोळा कार्यक्रमभर हलवायचे नाहीत. बँड बदलतो, वायरी बदलत नाहीत.

साउंड चेक उलट्या क्रमाने. सगळ्यात शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी चेक करतो, आणि पहिल्यांदा वाजवणारा सगळ्यात शेवटी. त्यामुळे चेक संपतो तेव्हा स्टेज पहिल्या बँडसाठी तयारच असतं. साउंडचा छोटा हत्ती सकाळी ९ ला आला पाहिजे. १ वाजता ड्रम आणि सगळ्या लाईन तपासायच्या, २:३० पासून प्रत्येक बँडला अर्धा तास, ५ ला स्टेज मोकळं. दुपारी फराळ आणि जेवणानंतर सगळ्यांचे डोळे मिटायला लागतात, म्हणून स्टेजमागे चहाचा थर्मास भरलेला ठेवा. जेवण जड नको. आमच्याकडे प्रत्येकाच्या घरून फराळाचा एक डबा येतो आणि तो सगळ्यांचा असतो. इचलकरंजीच्या ड्रमरच्या आईची कडबोळी साडेतीनपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

शिट्टी, म्हणजे फीडबॅक, येऊ नये म्हणून गाणाऱ्याला एकच गोष्ट शिकवा: माईकची जाळी मुठीत धरायची नाही आणि माईक मॉनिटरकडे, म्हणजे स्टेजवरच्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरकडे, वळवायचा नाही. मॉनिटर कमी ऐकू येतो म्हणून आवाज वाढवत नेण्यापेक्षा आधी गिटारचे ॲम्प कमी करायला सांगा. लहान पोरं स्पीकरसमोर बसतात, त्यांच्या आयांना मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे वाटा. आमच्या कॉलनीतली पोरं दिवाळीचा किल्ला स्टेजसमोर बांधतात. त्यामुळे स्पीकरपासून आठ फूट आपोआप मोकळे राहतात आणि मावळ्यांना कुणी पाय लावत नाही.

मधले मित्र

अदलाबदलीच्या १२ मिनिटांत रेकॉर्ड लावू नका, लोक उठून जातात. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात एक माईक आणि एक डीआय कायम जोडून ठेवा. तिथे एकटा माणूस गिटार किंवा हार्मोनियम घेऊन एक गाणं म्हणेल. मागे वायरी सरकत असतात, पण कान पुढे असतात. ज्यांचा बँड मोडला, ज्यांची नोकरी लागली, लग्न झालं, त्यांच्यासाठी ही जागा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या बँडमधला गायक, आता तो खताचं दुकान चालवतो, वीस वर्षांनी तिथे उभा राहिला. आवाज कापत होता. पहिलं कडवं झाल्यावर मागची पोरं वायरी हातात धरून तशीच थांबली. ज्या शहरात देवल क्लबसारखी गाण्याची संस्था १८८३ पासून आहे, तिथे ऐकायला बसलेल्या माणसांवर भरवसा ठेवा. गाणं मनापासून आलं की इथे शांतता आपोआप होते.

आणि शेवट हलगीचा. कुस्तीच्या मैदानात जी हलगी, घुमकं आणि कैताळ वाजतात, तीच तीन वाद्यं आम्ही सगळ्या बँडच्या मधोमध उभी करतो. यात तीन गोष्टी सांभाळा. कातड्याची हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते, तेव्हा तिचं कातडं ताणलं जाऊन आवाज चढतो. शेकोटीची जागा मांडवापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, शेजारी पाण्याची बादली ठेवून ठरवा. दुसरं, हलगीला माईक लागतो तो नावापुरता, तीन-चार फुटांवरून. जवळ लावलात तर बाकी सगळं तिच्याखाली बुडतं. वाजवणाऱ्याला गाण्याच्या माईकपासून लांब उभं करा. तिसरं, ठेका हलगीचा. ती सावकाश सुरू होऊन चढत जाते, तिला ड्रमरच्या मोजणीत बांधायला गेलात की जीव जातो. ड्रमरने कान तिकडे द्यायचे आणि मागे मागे जायचं. गिटारवाल्यांसाठी ई मायनरमधली एकच साधी रिफ, म्हणजे परत परत वाजवायची छोटी धून, ठरवून ठेवा, सगळ्यांना उघड्या तारेवर सापडते. याची तालीम एकदा तरी करा, खऱ्या हलगीवाल्यांबरोबर. त्यांना बिदागी आधी द्या, कार्यक्रम संपल्यावर गर्दीत शोधायला लावू नका. आणि जेवायला आपल्या पंगतीत बसवा.

९:५५ ला बहीण कोपऱ्यावर येते. ड्रमर तिच्याकडे बघतो, हलगीवाला ड्रमरकडे. शेवटचा ठोका पडला की साउंडवाला सगळे चॅनल खाली ओढतो. मगच ॲम्प बंद, मगच मेन स्विच. आधी मेन पाडलात तर स्पीकरमधून जो धाडकन आवाज येतो त्याने स्पीकर जाऊ शकतो.

त्यानंतर वायरी. कोपरावर दोरीसारख्या पिळून गुंडाळू नका, आतली तार तुटते. एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. ही कला मी प्रत्येक नव्या पोराला त्याच रात्री, रिकाम्या स्टेजवर बसून शिकवतो. माईक मोजा, क्लिपा मोजा, भाड्याचा माल यादीवर टिक करून टेम्पोत चढवा. मैदान झाडून घ्या. हिशेबाची वही तिथेच उघडा आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला फोटो पाठवा. बेंगळुरूची गाडी पकडायची असलेल्या पोराला आधी सोडा, त्याची गिटार त्याच्या आईकडे मी पोचवतो.